गळ्याचा गुरू कान

चैत्र लागला की जळकोटच्या शिवारातील आंब्या-लिंबाच्या झाडांतून कोकिळाची साद ऐकू येऊ लागते. ही साद घालणारा पक्षी नर असतो आणि त्याचे बालपण कावळ्याच्या घरट्यात गेलेले असते. अंडे कोकिळेचे, ऊब व भरवणे कावळीचे, आणि दिवसभर कानांवर पडणारा ध्वनी ‘काव काव’ हाच. तरीही वयात आल्यावर हा पक्षी कावळ्यासारखा ओरडत नाही. आपल्या कुळाची साद तो अचूक घालतो. ती त्याला कोणी शिकवलेली नसते. ती जन्माबरोबरच आलेली असते.

सर्व पक्ष्यांचे मात्र असे नसते. आपल्या शेताच्या बांधावर गवताचे बी टिपणाऱ्या मुनियांच्या कुळातला एक पक्षी ऑस्ट्रेलियात आढळतो. त्याचे नाव झेब्रा फिंच. जर्मन संशोधक क्लाउस इमेलमान यांनी 1969 मध्ये या पक्ष्याच्या पिलांविषयी एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले. झेब्रा फिंचचे पिलू दुसऱ्या जातीच्या, म्हणजे बंगाली फिंचच्या जोडप्याने वाढवले, तर मोठेपणी ते आपल्या जन्मदात्याचे नव्हे, तर पालक-पित्याचे गाणे गाते. कोकिळाला परक्या घरातही आपली साद सापडते. झेब्रा फिंचला मात्र जे ऐकले तेच गाता येते. हा फरक समजून घेतला, तर माणसाच्या बोलण्याविषयीही बरेच काही उमगते.

शिकणारे आणि न शिकणारे

आवाज ऐकून शिकणारे पक्षी तीन गटांत मोडतात: पोपट, गुंजनपक्षी म्हणजे हमिंगबर्ड, आणि गानपक्षी. जगातील पक्ष्यांच्या जवळजवळ निम्म्या जाती एकट्या गानपक्ष्यांच्या गटात येतात. दयाळ, बुलबुल, चंडोल, मुनिया, सुगरण, चिमणी हे सारे त्यातलेच. कावळाही शास्त्रीयदृष्ट्या याच गटातला, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कबुतर, कोंबडा, मोर, कोकिळ यांची गणना मात्र शिकणाऱ्यांत होत नाही.

मोंढ्यात किंवा मंदिराच्या आवारात पक्ष्यांसाठी दाणे टाकले जातात, तेथे कबुतर आणि चिमणी शेजारी शेजारी दाणे टिपतात. एकाचे घुमणे उपजत आहे, तर दुसरी शिकणाऱ्यांच्या कुळातली आहे. मासाकाझु कोनिशी या जपानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने 1963 मध्ये दाखवून दिले, की अंड्यातून बाहेर पडताच ऐकू येईनासे झालेले कोंबडीचे पिलूही मोठेपणी आपल्या जातीचे सर्व आवाज नीट काढते. त्याच्या गळ्याला कानाची गरजच नसते.

ऐकणे दोनदा लागते

गानपक्ष्यांच्या शिक्षणाचा पद्धतशीर अभ्यास केंब्रिजचे विल्यम थॉर्प यांनी 1950 च्या दशकात केला. ध्वनीचे चित्र कागदावर उमटवणारे यंत्र तेव्हा नव्यानेच हाती आले होते. थॉर्प यांनी चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिले प्रौढ पक्ष्यांपासून दूर वाढवली. ती मोठी झाल्यावर गायली खरी, गाण्याची लांबीही साधारण बरोबर होती. परंतु स्वरांची बांधणी नव्हती आणि शेवटचा नेमका झटका नव्हता. गाण्याची ढोबळ रूपरेषा उपजत होती. तिचा तपशील ऐकूनच भरावा लागत होता.

अमेरिकेत पीटर मार्लर यांनी डोक्यावर पांढरे पट्टे असणाऱ्या एका चिमणीसदृश पक्ष्याचा अभ्यास केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास या पक्ष्याच्या गाण्यात काही मैलांवर बोली बदलते. उदगीर, देगलूर, बिदर या पट्ट्यात बाजार बदलला की बोलण्याची ढब बदलते, तसाच हा प्रकार. मार्लर यांनी पिलांना ध्वनिमुद्रित गाणे ऐकवले. वयाच्या साधारण 10 ते 50 दिवसांत ऐकलेले गाणे त्यांनी उचलले. त्यानंतर ऐकवलेले मात्र उचलले नाही.

येथे एक मौज आहे. या कोवळ्या दिवसांत पिलू ते गाणे स्वतः गात नाही. ते फक्त ऐकते आणि मनात साठवते. गाण्याचा सराव काही महिन्यांनंतर सुरू होतो. आधी अस्पष्ट बडबड, मग तुटक स्वर, मग हळूहळू आकार घेणारे गाणे.

मग प्रश्न असा, की गाणे एकदा स्मरणात पक्के बसल्यावर कानाचे काम संपले काय? मार्लर यांचेच शिष्य असलेल्या कोनिशी यांनी 1965 मध्ये याचे उत्तर दिले. गाणे ऐकून झाले आहे, परंतु सराव सुरू व्हायचा आहे, अशा वेळी पक्ष्याची श्रवणशक्ती गेली, तर त्याला ते गाणे कधीच गाता येत नाही. स्मरणात नमुना असतो. पण आपल्या गळ्यातून काय निघते आहे हे कळत नसल्याने तो नमुन्याशी ताडून पाहता येत नाही. म्हणजे ऐकणे दोनदा लागते: एकदा गुरूचे, आणि नंतर स्वतःचे.

व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट सहज समजावी. दर ठरलेला आहे, वजन झालेले आहे. पण रोजमेळ लिहून शिल्लक मोजली नाही, तर हिशेब बरोबर आहे की चुकला आहे, हे कळावे कसे?

मेंदूतील दोन वाटा

पक्ष्याच्या मेंदूत हे काम कोठे चालते, याचा नकाशा फर्नांडो नोटेबोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्यावर काम करून 1976 मध्ये मांडला. गाण्यासाठी मेंदूत स्वतंत्र केंद्रांची साखळी असते. तिच्यात दोन वाटा आहेत. पहिली वाट प्रत्यक्ष गाण्याची: वरच्या केंद्राकडून आज्ञा निघते आणि खाली छातीतील स्वरयंत्राच्या व श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते. दुसरी वाट वळशाची. ती मेंदूच्या खोल भागातून फिरून पुन्हा पहिल्या वाटेला मिळते.

ही वळशाची वाट कशासाठी, याचा उलगडा 1984 मध्ये सारा बॉटजर व सहकाऱ्यांच्या कामातून होऊ लागला. तिच्या टोकाचे केंद्र निकामी केले, तर प्रौढ झेब्रा फिंचचे पक्के झालेले गाणे तसेच राहते. शिकत असलेल्या पिलाचे शिक्षण मात्र थांबते. पुढे 2005 मध्ये असे दिसून आले, की पिलाच्या गाण्यातील अस्थिरता, स्वर वर-खाली करून पाहण्याची धडपड, याच केंद्रातून येते. पिलाच्या चुका हा दोष नसून ती शिकण्याची रीत आहे. मेंदू मुद्दाम वेगवेगळे प्रयत्न करून पाहतो आणि त्यांपैकी नमुन्याशी जुळणारे ठेवतो.

जुळले की नाही, हे मेंदूला कोण सांगते? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विक्रम गाडगकर, जेसी गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी 2016 मध्ये याचा एक भाग उलगडला. गाणाऱ्या झेब्रा फिंचला त्याचाच एखादा स्वर बिघडवून ऐकवला, की डोपामीन या रसायनाद्वारे संदेश देणाऱ्या त्याच्या मेंदूतील पेशी क्षणभर मंदावत. बिघाड होणार असे वाटत असताना स्वर नीट ऐकू आला, की त्याच पेशी अधिक वेगाने काम करीत. खाद्य वा पाणी मिळाल्यावर समाधानाची नोंद घेणारी हीच यंत्रणा स्वर बरोबर लागल्याचीही नोंद घेते. पक्ष्याला बाहेरून शाबासकीची गरज नसते. त्याचा कानच त्याला ती देतो.

पक्के झालेले गाणेही जपावे लागते

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. झेब्रा फिंच सुमारे तीन महिन्यांचा झाला, की त्याचे गाणे पक्के होते आणि पुढे जन्मभर तो तेच गातो. मग प्रौढ पक्ष्याला कानाची गरज उरू नये. बराच काळ समजूत साधारण अशीच होती.

नॉर्डीन दांपत्याने 1992 मध्ये दाखवले, की ऐकू येणे थांबलेल्या प्रौढ झेब्रा फिंचचे गाणे आठवड्यामागून आठवडे हळूहळू बिघडत जाते. बंगाली फिंचच्या बाबतीत तर हा बिघाड फारच लवकर येतो. आठवडाभरातच त्याच्या गाण्यातील स्वरांचा क्रम विस्कटतो, हे 1997 मध्ये जपान व अमेरिका या दोन्ही ठिकाणच्या संशोधकांना स्वतंत्रपणे आढळले. हा बंगाली फिंच नावाने बंगाली असला तरी घडला जपानमध्ये, माणसाच्या पाळणुकीत. त्याचा रानटी पूर्वज पांढऱ्या पाठीची मुनिया असून ती आपल्या सह्याद्रीतही आढळते. वयाचाही प्रभाव दिसून आला. तरुण पक्ष्याचे गाणे लवकर ढासळते. ज्याने वर्षानुवर्षे गाणे घोटले आहे, त्या वयस्क पक्ष्याचे सावकाश ढासळते.

गाणे बिघडते ते सराव सुटल्यामुळे किंवा गंज चढल्यामुळे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मायकेल ब्रेनर्ड आणि ॲलिसन डूप यांनी 2000 मध्ये निराळेच सत्य समोर आणले. वळशाच्या वाटेचे टोक आधीच निकामी असेल, तर ऐकू येईनासे झाल्यावरही गाणे बिघडत नाही. म्हणजे बिघाड आपोआप होत नाही. ताळा पाहणारी यंत्रणा प्रौढपणीही जागीच असते. तिला कानाकडून नोंद मिळेनाशी झाली, की ती चुकीच्या माहितीवर दुरुस्त्या करू लागते आणि बरोबर असलेलेही मोडून टाकते.

2007 मधील एका प्रयोगात हीच यंत्रणा पक्ष्याला इजा न करता पाहता आली. बंगाली फिंचचा एक ठरावीक स्वर विशिष्ट उंचीवर लागला, की लगेच खरखर ऐकवायची. काही तासांतच पक्ष्याने तो स्वर बदलून खरखर टाळली. खरखर बंद केल्यावर स्वर पुन्हा मूळ उंचीवर आला. लहानपणी साठवलेला नमुना आत जपलेला होता.

श्रवणशक्ती हिरावून घेणारे प्रयोग जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला खटकणे स्वाभाविक आहे. नव्या पिढीतील अनेक प्रयोग केवळ ध्वनीचा उपयोग करून होतात, ही समाधानाची बाब म्हणावी लागेल. मात्र हौसेपोटी होणारी हानी अजून थांबलेली नाही. मुनिया वा पोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये गुन्हा आहे. ‘सोडून देण्यासाठी’ विकत घेतलेला पक्षीदेखील पकडणाऱ्याला दुसरा पक्षी धरण्यास उत्तेजनच देतो. शिकण्याच्या वयात घरट्यातून उचललेल्या पिलाचे स्वातंत्र्य तर जातेच, शिवाय त्याला गाणे देणारा पिताही दुरावतो.

पुण्यातील अभ्यास

या विषयावर आपल्या महाराष्ट्रातही काम चालते. पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था 2006 मध्ये स्थापन झाली. तेथे राघव राजन व त्यांचे विद्यार्थी झेब्रा फिंचच्या गाण्याचा अभ्यास करतात. गाणे सुरू करण्यापूर्वी हा पक्षी एकच छोटा स्वर काही वेळा काढतो आणि मग मुख्य गाण्यात शिरतो. गवई ख्यालापूर्वी ‘सा’ लावून पाहतो, तसे काहीसे. राजन आणि डूप यांनी 2013 मध्ये मांडले, की हे आरंभीचे स्वर म्हणजे मेंदूच्या तयारीची खूण असावी. पुढे 2019 मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की स्वतःचा आवाज ऐकू येत नसला तरी आरंभीच्या स्वरांपासून गाण्यापर्यंतची ही वाटचाल चालू राहते.

हे निरीक्षण आधीच्या गोष्टीला छेद देणारे नाही. ते तिची मर्यादा आखून देते. गाण्याची सुरुवात करण्याची सज्जता आतून येते. परंतु पुढे काय गायचे, ते कोणाकडून घ्यायचे आणि बरोबर कसे राखायचे, यासाठी कान लागतो.

माणसाचे मूल आणि घरातील वडीलधारे

माणसाचे मूलही याच वाटेने बोलायला शिकते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो भारतीयांना विशेष जवळचा वाटावा. इंग्रजीभाषक घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतील फरक ओळखता येत होता. वर्षाच्या आसपास पोहोचताना तो ओळखणे ओसरले, कारण त्यांच्या घरात तो फरक कोणी उच्चारत नव्हते. जळकोटचे नाव घेताना बाहेरून आलेला हिंदीभाषक बहुधा ‘जलकोट’ म्हणतो. मराठी, मारवाडी, गुजराती घरांतील मूल मात्र ‘ळ’ सहज उच्चारते, कारण तो आजीच्या बोलण्यातून त्याच्या कानात आधीच उतरलेला असतो.

येथे जिवंत गुरूचे महत्त्वही लक्षात घ्यावे. मार्लर यांच्या पिलांना 50 दिवसांनंतर ध्वनिमुद्रणातून शिकता आले नव्हते. परंतु समोर जिवंत गाणारा पक्षी ठेवल्यावर त्याच जातीची पिले त्यानंतरही शिकली, हे 1984 मध्ये दिसून आले. माणसांत पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या व्यक्तीकडून बाळांनी त्या भाषेचे ध्वनी उचलले. तेच बोलणे पडद्यावर दाखवले तेव्हा काहीच उचलले नाही. दुकानात गर्दी असताना बाळाच्या हाती मोबाइल देणाऱ्या घरांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

ज्या बाळाला ऐकूच येत नाही, त्याच्या बाबतीत उशीर फार महागात पडतो. ‘मामाही उशिरा बोलला होता’ असे म्हणून वाट पाहण्याची रीत घरोघरी आहे. थाळी वाजवल्यावर बाळ दचकले, म्हणजे कान चांगले, हेही खरे नाही. मोठा आवाज ऐकणाऱ्या बाळाला बोलण्यातील बारीक ध्वनी ऐकू येत नसतील. तज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक असा: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाययोजना. ओएई नावाची चाचणी बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते आणि तिचा त्रास होत नाही. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या श्रवणदोषाचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. आडतीच्या दुकानात आयुष्य घालवलेला गृहस्थ साठीनंतर मोठ्याने बोलू लागतो, फोन टाळतो, घरच्या बोलण्यात गप्प बसतो. आणि श्रवणयंत्र लावण्यास मात्र संकोच करतो. ऐकणे फारच कमी झाले, की वर्षानुवर्षांच्या काळात बोलणेही बदलते. आवाजाची पातळी आवरत नाही, ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात. पक्के झालेले गाणेही जपावे लागते, हा नियम माणसालाही लागू आहे. फरक इतकाच, की पक्ष्यांप्रमाणे आपलीही वाणी घोटलेली असल्याने ती सावकाश ढासळते आणि म्हणून लक्षात येत नाही.

एका बाबतीत पक्षी माणसापेक्षा भाग्यवान आहेत. आंतरकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत उगवतात, हे 1980 च्या दशकाअखेर सिद्ध झाले. सारा वूली आणि एडविन रुबेल यांनी 2002 मध्ये ज्यांच्या केशपेशी नष्ट होऊन पुन्हा उगवल्या अशा बंगाली फिंचचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऐकणे गेल्यावर त्यांचे गाणे विस्कटले होते. ऐकणे परतल्यावर काही आठवड्यांत अनेकांचे गाणे पूर्वपदावर आले. इतक्या दिवसांत ते गाणे त्यांनी धड एकदाही गायले नव्हते, तरी त्याची आठवण शाबूत होती. गेले होते ते फक्त ताळा पाहण्याचे साधन.

माणसाच्या केशपेशी उगवत नसल्या, तरी श्रवणयंत्र आणि कर्णरोपण ही साधने हाती आहेत. चष्मा लावताना कोणी लाजत नाही. कानाच्या बाबतीत लाजण्याचे कारण नाही. घरात बाळ जन्मले की त्याच्या कानांची तपासणी, आणि घरातील वडील साठीला आले की त्यांच्या कानांची तपासणी, एवढा नेम प्रत्येक कुटुंबाने करावा. दिवाळीला नवी वही घातली जाते, तशी ही तपासणीही दरवर्षी आठवणीने व्हावी.